आठ तारांची अंकलिपी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. सव्वीस वर्षं कॉम्प्युटर खात्यात काढलीत, त्यावर काही लिहाल का? मी विचारलं, कशाबद्दल लिहू. ते म्हणाले, कशाबद्दलही, फक्त तांत्रिक नको. आचाऱ्याला आठवणी लिहायला सांगायच्या आणि वर म्हणायचं, स्वयंपाकाचं काही नको. मी "बरं" म्हटलं आणि आता तांत्रिकच लिहायला बसले आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते. हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या सांगायच्या, "ती कॉम्प्युटरच्या वायरी बघते." आता विचार करते तर याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. ऑफिसातली सगळी मशीनं एकमेकांशी बोलती ठेवायची, हे काम. त्यांचा अबोला झाला की माझा फोन वाजायचा. सगळं सुरळीत असताना "आज छान चाललंय हं" असं सांगायला कोणी फोन केल्याचं आठवत नाही, आणि पुण्यात राहत असल्यामुळे मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती.

या धंद्यात बुद्धी फारशी लागत नाही, आकडे लागतात. कुठली केबल किती लांब चालते, कुठल्या कामाला कुठला नंबर, मशीनच्या खोलीत किती अंश तापमान. हे आकडे कोणाच्या डोक्यात राहत नाहीत. तेव्हा मोबाइलवर शोधायची सोय नव्हती, मोबाइलच नव्हता. म्हणून मी एक कार्ड केलं. पोस्टकार्डाएवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं, अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणलेलं. आमच्या खात्यातल्या प्रत्येकाच्या खिशात ते असायचं. त्याला सगळे "मॅडमची अंकलिपी" म्हणत. कौतुकाने म्हणत की कुचेष्टेने, याची मी चौकशी केली नाही.

कार्डाची पहिली ओळ होती १२७.०.०.१. हा प्रत्येक मशीनचा स्वतःचा पत्ता. या पत्त्यावर हाक मारली की मशीन स्वतःलाच उत्तर देतं. बिघाड शोधताना आधी इथून सुरुवात करायची: मी स्वतः ठीक आहे का. मग शेजारचं मशीन, मग दारावरचा राउटर, मग बाहेरचं जग. नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवायची. "आधी स्वतःला विचारा, मग दुसऱ्याला दोष द्या," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की ते आठवलं तरी आता मला अवघडल्यासारखं होतं. का, ते पुढे येईल.

माझे वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. घरात आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते लाल पेन घेऊन वाचत आणि दुरुस्त करून परत पाठवत. त्यामुळे आम्हाला लग्नाची बोलावणी कमी यायची. तो गुण माझ्यात उतरला. कार्डाच्या तळाला मी छापून घेतलं होतं, "या कार्डावरील दुरुस्ती सहीशिवाय ग्राह्य धरू नये." सही म्हणजे माझी, व. का., वसुधा कानिटकर. एखादा आकडा बदलला तर सीडीवर लिहायच्या काळ्या पेनाने खोडायचं, नवा लिहायचा, आणि माझ्याकडे सहीला आणायचं. सही नसेल तर ती दुरुस्ती नाही, हा नियम मी कसोशीने पाळला.

आकड्यांशी लोकांचं भांडण असतं, हे मला गिऱ्हाइकांकडे जाऊ लागल्यावर समजलं. मंडईजवळ एका घाऊक व्यापाऱ्याच्या गाळ्यात कॉम्प्युटर बसवला होता आणि त्यांना तो मागच्या बोळातल्या घराशी जोडायचा होता. अंतर निघालं एकशे चाळीस मीटर. मी सांगितलं, ही केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही.

"चालत नाही म्हणजे? मी रोज चालत येतो."

"आपण येता. सिग्नल येत नाही."

"मग ताणून बसवा."

शेवटी मधे एका ओळखीच्या नारळवाल्याच्या गाळ्यात सिग्नल जिवंत करणारी डबी बसवली. नारळवाल्याने विजेच्या बदल्यात काय घेतलं माहीत नाही, पण डबीला तो रोज उदबत्ती ओवाळायचा आणि ती आठ वर्षं बिघडली नाही.

दुसरे एक निवृत्त प्राध्यापक होते, क्लास चालवायचे. त्यांच्या मशीनला मी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिला. खाजगी जाळ्यासाठी हे आकडे राखून ठेवलेले असतात. ते म्हणाले, "एकशे ब्याण्णवच का? एकशे त्र्याण्णव का नको?" मी म्हटलं, "आपलं आडनाव गोडबोलेच का?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पटलं." पुण्यात वाद इतक्या लवकर मिटल्याची माझ्याकडे ही एकच नोंद आहे.

पुढे मी सोलापूर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. खुल्या अर्थव्यवस्थेचे दिवस. कंपनी दर महिन्याला माणसं घेत होती. आमच्या जाळ्यात एका वेळी दोनशे चोपन्न मशीनं बसायची, त्यापुढे पत्तेच शिल्लक नसायचे. हाही कार्डावरचा आकडा. मशीनं दोनशे साठ झाली. रोज सकाळी जो आधी येईल त्याच्या मशीनला पत्ता मिळायचा, आणि शेवटी येणारे सहाजण दिवसभर बंद पडद्यासमोर बसायचे. मी हे प्रशासनाचे प्रमुख परांजपे साहेब यांना सांगायला गेले आणि म्हटलं, दोन तासांचं काम आहे, आज करून टाकते.

ते म्हणाले, "कानिटकर बाई, गेल्या आठवड्यात हजेरी पाहिलीत? सगळे पावणेनऊला हजर. मी चार वर्षं नोटिसा लावतोय, एवढा फरक पडला नाही. आपण घाई करू नका."

ते काम मी तीन महिन्यांनी केलं.

आता कार्डाची चौथी ओळ. संपादकांनी तांत्रिक नको म्हटलं होतं ते बहुधा याच जागेसाठी, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. त्या जोडीजोडीने एकमेकींना पीळ घातलेल्या असतात: नारिंगीची एक जोडी, हिरवीची, निळीची, तपकिरीची. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची, दुसरी त्या रंगाचा पट्टा असलेली पांढरी. टोकाला प्लास्टिकचा छोटा प्लग बसवताना या आठ तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या. पिळामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही, म्हणून बोलण्याचं काम एकाच पिळातल्या दोन तारांनी करायचं असतं. आणि ज्याने कोणी हे ठरवलं त्याने तिसरी आणि सहावी जागा एका जोडीला दिली. त्यामुळे हिरवी जोडी फाकते आणि निळी जोडी तिच्या मधे जाऊन बसते. बाकी सगळं ओळीने, फक्त इथे घुसखोरी. पाहणाऱ्याला ती चूकच वाटते.

मला वाटली. कंपनीने शेजारच्या इमारतीत नवा मजला घेतला तेव्हा मी कार्डाची नवी आवृत्ती काढली. मजकूर टाइप करून झाल्यावर शेवटचा हात फिरवताना चौथ्या ओळीवर डोळा थांबला. पांढरी-हिरवी, मग निळी, मग पांढरी-निळी, मग हिरवी. मला वाटलं टाइप करताना उलटसुलट झालं. मी ते नीट लावलं: हिरव्या दोघी शेजारी, निळ्या दोघी शेजारी. छान दिसत होतं. लॅमिनेशनला दिलं.

मजल्याचं केबलचं काम दत्ता घुलेकडे होतं. मांजरी गावचा मुलगा, पंचविशीतला, कंत्राटावर. घरचा ऊस होता, पण त्याला तारांचं वेड. कार्ड न बघता डाव्या हाताने तारा सरळ करायचा आणि उजव्या हाताने प्लग दाबायचा. एक टोक करायला त्याला मिनिटभरही लागत नसे. पहिल्याच दिवशी तो नवं कार्ड घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, निळी मधी येती. हिरवीच्या मधी."

मी कामात होते. "कार्डावर काय आहे?"

"कार्डावर न्हाई तशी."

"मग?"

तो कार्ड खिशात घालून गेला. संध्याकाळी मी वर जाऊन त्याची दहा-बारा टोकं कार्डाशी ताडून पाहिली. दोन जुन्या क्रमाने केलेली होती. मी ती कापून पुन्हा करायला लावली, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, की हात चालतो म्हणून डोकं बंद ठेवू नये. त्यानंतर त्याने एकशे वीस जागा कार्डाप्रमाणे केल्या. तपासणीच्या यंत्रावर प्रत्येक केबलचे आठही दिवे हिरवे लागले. ते यंत्र फक्त तार इकडून तिकडे पोचते का तेवढंच पाहतं. पीळ कोणाचा कोणाशी आहे, हे त्याला दिसत नाही.

महिनाभर सगळं ठीक चाललं, कारण जुन्या संथ यंत्रणेला एवढा फरक पडत नव्हता. मग दसपट वेगाची नवी यंत्रणा आली आणि मजल्यावरचं सगळं जाळं कोसळलं. फाइली अर्ध्यावर तुटायच्या, लांबच्या टेबलांवरची मशीनं दिवसातून वीसदा गळायची. परदेशी ग्राहक पंधरा दिवसांनी मजला बघायला येणार होता. दत्ताने तीन दिवस बसून दोनशे चाळीस टोकं पुन्हा कापून केली, अर्थात कार्डाप्रमाणे. काही फरक पडला नाही.

माझी मात्र खात्री होती. त्या मजल्यावर माझंही टेबल होतं, अगदी शेवटच्या कोपऱ्यात, सगळ्यात लांब केबलचं. माझं मशीन एकदाही तुटलं नाही. तोच मजला, तीच केबल, तेच कार्ड. माझं चालतं आणि बाकीच्यांचं चालत नाही. याचा अर्थ मी असा काढला की कार्ड बरोबर आहे आणि हात चुकतोय. परांजपे साहेबांनी विचारलं, "घुल्यांचं काम कसं आहे? एका वाक्यात लिहून द्या." मी लिहून दिलं, "कामाचा दर्जा असमाधानकारक." खाली व. का. दत्ताचं कंत्राट त्याच दिवशी संपलं. जाताना तो अवजारांची पिशवी आवरून माझ्या टेबलाशी आला, "येतो मॅडम" म्हणाला आणि गेला.

चार दिवसांनी मुंबईहून एक तज्ज्ञ मोठं यंत्र घेऊन आला. यंत्र पिशवीतून काढायच्या आधी त्याने एक प्लग उपसला, उजेडासमोर धरला आणि सहज विचारलं, "हा क्रम कोणी शिकवला?"

मी म्हटलं, "पाहते."

जागेवर येऊन मी कार्ड काढलं, मग कपाटातलं जुनं कार्ड काढलं, आणि दोन्ही शेजारी ठेवली. दोन मिनिटं लागली. मग मी काय केलं तेही सांगते. नवी कार्डं सगळ्यांकडून "छपाईत दोष आहे" म्हणून परत घेतली, दुरुस्त आवृत्ती वाटली, तिच्याप्रमाणे सगळी टोकं पुन्हा करून घेतली, आणि परांजपे साहेबांना कळवलं, की दोष प्लग बसवण्यातच होता. वाक्य खरं होतं. वडिलांनी त्यात एकही खूण केली नसती. ग्राहक आला, मजला पाहून गेला, आम्हाला पेढे मिळाले. दत्ताला परत बोलवा, असं मी कोणालाही म्हटलं नाही. बोलवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. मला बढती मिळायची होती आणि मला भीती वाटली. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नाही.

निवृत्त होऊन मला आता तीन वर्षं झाली. गेल्या मार्चमध्ये भाचीने मांजरीला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेले असताना बाकीच्या बायका ओटा आणि गॅलरी बघत होत्या, मी इंटरनेटची डबी बघत होते. प्लग उलटा करून पाहिला. हिरवीच्या मधे निळी, सुबक. डबीवर स्टिकर होतं: घुले केबल अँड नेट.

दुकान पलीकडच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर होतं. दत्ताचे केस पांढरे झालेले, पण डावा हात बोलतानाही तारा सरळ केल्यासारखा हलत होता. त्याने मला लगेच ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. ही बिल्डिंग त्यांच्याच उसाच्या जमिनीवर उभी आहे, असं त्याने मी न विचारता सांगितलं. वाटेत मी चार वाक्यं जुळवून ठेवली होती. इतक्या वर्षांनी तू म्हणावं की तुम्ही, इथेच अडखळले.

"घुले, मी तुम्हाला एक सांगायला आले आहे."

"दत्ता म्हणा की. घुले म्हटलं की नोटीस आल्यागत वाटतं."

"दत्ता, तेव्हा तुझी चूक नव्हती. कार्ड चुकलं होतं. मी चुकवलं होतं."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं. बोललो व्हतो की तुम्हाला."

"मग काढलं तेव्हा का नाही बोललास?"

"कुणाला बोलू? परांजपे सायबांना? त्यांला निळी आन हिरवी कुठं कळत व्हती." त्याने चहा माझ्याकडे सरकवला. "तुमच्या त्या कागदाची झेरॉक्स लई फिरली, मॅडम. दीड वर्ष कुठल्या कंपनीनं दारात उभं केलं न्हाई. मंग टीव्हीच्या केबलीत शिरलो. तिथं कुणी कागद मागत न्हाई."

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, पत्ता सांगावा तसं सांगत होता. मी म्हटलं, "मला खरंच वाटलं होतं की कार्ड बरोबर आहे. माझ्या टेबलाचं मशीन कधी बंद पडलं नाही, म्हणून."

दत्ता म्हणाला, "ती बरोबर केली व्हती."

"कुठली?"

"तुमच्या टेबलाची. दोनी टोकं. दुसऱ्यांदा केली तवाबी. रांगेतली टोकं तुम्ही तपासायच्या, तुमच्या टेबलाखाली कुठं वाकून बघणार व्हता. म्हटलं, सगळं बंद पडणारच हाय, मॅडमचं तरी चालू राहू द्यावं."

रडू वगैरे आलं नाही. लाज वाटली, कानापर्यंत तापले. त्याने माझ्यासाठी म्हणून केलेली एकमेव बरोबर केबल मी त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली होती, आणि हे त्याला आत्ता, माझ्या तोंडून कळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मी पाहिलं. मग त्याने मान हलवली आणि टेबलाचा खण उघडला.

मी घाईने म्हटलं, "मी लिहून देते. तुझ्या कामात दोष नव्हता, असं. आत्ता देते."

"आता कुणाला दावू? माझी पोरं विचारतील, ही बाई कोण." त्याने खणातून कार्ड काढलं. ती चुकीची आवृत्ती, कडा पिवळ्या पडलेल्या. "बाकीचे आकडे बरोबर हायेत ह्याच्यावरचे. अजून लागतं कधीमधी."

चौथी ओळ काळ्या पेनाने खोडलेली होती आणि वर बारीक अक्षरात खरा क्रम लिहिला होता. शेजारी रेघ मारून थोडी जागा कोरी सोडली होती.

"हे कधी केलंस?"

"तवाच. पयल्याच दिवशी. आणायचं व्हतं तुमच्याकडं, पन तुम्ही टोकं कापायला लावलीत, मंग ऱ्हायलं." त्याने कार्ड उलटं करून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "सहीबगर ग्राह्य न्हाई ना."

त्याच्या टेबलावर सीडीचं पेन होतंच. मी कोऱ्या जागेत व. का. लिहिलं.

"तारीख?" मी विचारलं.

"आजचीच टाका," दत्ता म्हणाला. "दुरुस्ती आज झालीया."

मी तारीख टाकली. त्याने कार्ड उजेडात धरून सही नीट पाहिली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि ते परत खणात ठेवून दिलं.